भिऱ्याचं पाणी आणि आजोबांचा सातबारा

आईचा फोन आला तेव्हा मी रायगडातल्या कोलाडला कुंडलिका नदीवर राफ्टमध्ये हवा भरत होतो. "खांड गेली रे," एवढंच ती म्हणाली. श्रावणातल्या अमावास्येचं उधाण, वरून दोन दिवसांचा पाऊस, आणि खाडीचं खारं पाणी शेताबाहेर ठेवणाऱ्या आमच्या बांधाला, खारबंदीला, वीसेक हात भगदाड, म्हणजेच खांड. फुटव्यावर आलेल्या भातात खाडीचं पाणी शिरलं होतं. बाबांना जाऊन सात महिने झाले होते.

त्याआधीची नऊ वर्षं मी नदीवर काढली. दोन हंगाम ऋषिकेशला गंगेवर, एक उन्हाळा लडाखच्या झंस्करवर आणि बाकी सगळी वर्षं कुंडलिकेत. कौडियाळ्याजवळ 'द वॉल' नावाचा रॅपिड आहे, तिथे पहिल्याच हंगामात राफ्ट उलटली आणि मी तिच्याखाली सापडलो. वर डोकं काढावं तर रबराचा तळ. एका हाताने दोरी धरून राफ्टच्या कडेपर्यंत सरकत आलो, पाय वर केले, प्रवाहाच्या दिशेने ठेवले आणि वाहत गेलो. पाण्याशी भांडायचं नाही, ते कुठे निघालंय ते आधी बघायचं, हे त्या अर्ध्या मिनिटात अंगात भिनलं.

कुंडलिकेचं पाणी मात्र वेगळंच. घाटमाथ्यावर मुळशीला अडवलेलं मुळा नदीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, 1927 पासून, आणि तिथून कुंडलिकेत सुटतं. म्हणून भर मे महिन्यातही कोलाडला राफ्ट चालते. पूर्वेला वाहून जायचं ते पाणी रोह्यावरून खाडीत येतं आणि रेवदंड्याला समुद्राला मिळतं. वाटेत आमचं गाव. इतकी वर्षं मी ज्या पाण्यावर पोट भरलं, ते खाली माझ्याच शेताच्या बांधाला लागत होतं आणि मी सणाला तेवढा घरी जायचो. याची खंत मला अजून आहे.

पंचनामा करायला तलाठी आले. नुकसानीच्या यादीत नाव कुणाचं लिहायचं, असं त्यांनी विचारलं आणि सातबारा काढला, तर त्यावर आजोबा! ते 1988 साली गेले. बाबांनी कधी वारस नोंद केलीच नव्हती. वारसांनी 3 महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. आमच्याकडे पस्तीस वर्षं झाली होती. भरपाई मेलेल्या माणसाच्या खात्यात जात नाही.

ही जमीन आजोबांना कुळकायद्यात मिळालेली. त्यांचा 32-म चा दाखला, म्हणजे कुळाने जमीन विकत घेतल्याचा कागद, आईने पत्र्याच्या पेटीत लुगड्याच्या घडीत जपून ठेवला होता. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध 1933 पासून सहा वर्षं संप करून शेतं पडीक ठेवली, त्याच्या गोष्टी आजोबा सांगायचे. त्या कागदावर त्यांचा अंगठा आहे. तो बघितला आणि कोलाडला परत जायचा विचार मी बाजूला ठेवला.

नोंद दोन पिढ्यांची करायची होती: आधी आजोबांचे वारस, मग बाबांचे. मृत्यूचे दाखले, वंशावळ, वारसांचं प्रतिज्ञापत्र, 8-अ चा खातेउतारा. अडलं ते आजोबांच्या दाखल्यावर. ग्रामपंचायतीच्या वहीत त्यांचं गावातलं टोपणनाव, सातबाऱ्यावर पाळण्यातलं. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र केलं, म्हाताऱ्या शेजाऱ्यांचे जबाब दिले. तरी दोनदा अर्ज परत आला, एकदा तर फक्त धाकट्या आत्याचा पत्ता जुना होता म्हणून. कार्यालयाच्या बाकावर बसून मी त्या महिन्यांत जेवढा थकलो तेवढा झंस्करच्या बर्फगार पाण्यातही थकलो नव्हतो.

भाऊबंदांचा सल्ला एकच: आत्यांकडून आणि ताईकडून हक्कसोड करून घे, नोंद सोपी होईल. नोंद काही त्याने सोपी होत नाही, नावं तेवढी कमी होतात. ताईचा हक्क माझ्याइतकाच आहे. मोठी आत्या बदलापूरहून सही करायला आली ती थेट बांधावर गेली. "खांड गेली की आम्ही पोरी डोक्यावरून चिखल व्हायचो," ती म्हणाली. "माझं नाव राहू दे बाबा." मी सगळ्यांची नावं दिली.

वारस रजिस्टरला चौकशी, मग फेरफार, मग हरकतीसाठी नोटीस आणि 15 दिवस. तोवर बांध थांबणार नव्हता. खारं पाणी आत येत राहिलं की तिवरं उगवतात, आणि तिवरं एकदा माजली की तोडता येत नाहीत. शेत कायमचं जातं. भांग आली, म्हणजे भरती कमी चढायचे दिवस आले, तसं गाव उतरलं. राफ्टवर शिकवलेली माझी शिस्त इथे कामी आली: कोण कुठे उभं राहणार, ओहोटीचे किती तास हातात आहेत, कुणाच्या कमरेला दोर. चार भांगांत खांड बुजली.

मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला तो माघात. नव्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. आईने मला तो मोठ्याने वाचायला लावला. स्वतःचं नाव आलं तेव्हा तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, पुन्हा वाच.

यंदा पावसाने खार धुऊन निघाली की खाऱ्या जमिनीत तगणारं 'पनवेल 3' भात पेरणार आहे. रोज ओहोटीला मी उघाडी, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, बघायला जातो. आतलं पाणी तिच्यातून जोरात खाडीत पडतं, आणि हात आपोआप वल्हं शोधतो.