अ‍ॅडलेडमध्ये भेटलेलं द्विवचन

मावसबहिणीच्या घरी पोचलो तर दारातच तिच्या नऊ वर्षांच्या लेकीने आम्हा नवरा-बायकोला विचारलं, "नीवा माणि?" म्हणजे, तुम्ही दोघं बरे आहात ना? एकट्याला विचारायचं तर ‘नीना माणि’, दोनांहून जास्त असतील तर ‘ना माणि’. "आणि दोघं असले की नीवा, मामा!" शाळेत संस्कृतचं द्विवचन घोकलं होतं. कुणी त्यात माझी खुशाली विचारेल असं कधी मनात आलं नव्हतं.

ही गाउणा भाषा, अ‍ॅडलेडच्या मूळ रहिवाशांची. रोमन लिपीत ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी लिहून ते जो उच्चार दाखवतात, तो आपला ण. ‘आर’ आणि ‘एल’ म्हणजे ळ. हे कळल्यावर मी दिवसभर पाट्या मोठ्याने वाचत फिरलो. व्हिक्टोरिया स्क्वेअरचं दुसरं अधिकृत नाव ताण्टान्यांगा, तांबड्या कांगारूंची जागा. टॉरेन्स नदी २००१पासून कर्राविर्रा पर्रीही आहे. कर्रा हे तिथलं तांबड्या निलगिरीचं झाड, विर्रा म्हणजे रान, पर्री म्हणजे नदी.

नदीकाठाने चालत पिळ्टावाड्ळीला गेलो. पिळ्टा म्हणजे पोसम हा झाडावर राहणारा प्राणी, वाड्ळी म्हणजे घर. आपल्या ‘वाडी’शी नातं नाही, तरी कानाला ओळखीचं वाटलं. टाइखेलमान आणि श्यूरमान हे दोन जर्मन मिशनरी १८३८मध्ये इथे आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी या जागी मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवायला सुरुवात केली. १८४०मध्ये त्यांनी व्याकरण आणि शब्दसंग्रह छापला, सुमारे २,००० शब्द आणि २०० वाक्यं. मुलांनी लिहिलेली काही पत्रं जर्मनीत गेली आणि तिथे जपून राहिली. इथे मात्र १८४५मध्ये वसाहत सरकारने शाळा बंद करून मुलांना फक्त इंग्रजी शिकवणाऱ्या शाळेत घातलं. त्या गवतावर मी बराच वेळ बसलो. सहा वर्षांत मुलं लिहायला लागली होती!

शेवटची भाषक मानली गेलेली इवरिची १९२९मध्ये वारली. ही भाषा अस्खलित बोलणाऱ्या कुणाचंही ध्वनिमुद्रण नाही. मोल्सवर्थचा १८३१चा कोश आपण एखादा शब्द अडला की उघडतो. इथे अख्खी भाषा तसल्याच जुन्या छापील पानांतून उठवावी लागली, उच्चार शेजारच्या भाषांवरून ताडत. १९९२पासून गाउणा प्लेन्स शाळेत ती शिकवू लागले. तिथल्या मुख्याध्यापिका होत्या अलिच्या रिग्नी. त्यांनी आणि लुईस ओब्रायन या वडीलधाऱ्यांनी भाषाशास्त्रज्ञ रॉब एमरी यांना बरोबर घेऊन २००२मध्ये समिती उभी केली. रस्त्याला, इमारतीला गाउणा नाव हवं असेल तर त्या समितीला विचारतात. नवे शब्दही घडले आहेत. टेलिफोन म्हणजे ‘आवाज धाडणारा’, आणि संगणक ‘मुकाण्टु’, मेंदू आणि वीज जोडून.

सरकार आता भाषाकार्याला अनुदान देतं, महापालिकेने बागांना गाउणा नावं दिली. हे मी देणं फेडणं समजतो, आणि ते अजून बरंच बाकी आहे. पण कुठला शब्द चालेल हे ज्यांची भाषा आहे ते ठरवतात, हे मला फार मोलाचं वाटलं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडे निहाली आहे, दोन-अडीच हजार लोकांच्या तोंडी. तिला जुन्या पुस्तकातून शोधावं लागत नाही, ती बोलणारी माणसं आज घरात बसली आहेत. परतल्यावर मी आधी तिकडे जाणार आहे.

रात्री जेवताना भाची पोळ्या मोजत होती: कुमा, पुळाइची, माण्कुची. एक, दोन, तीन. तिच्या वर्गात बऱ्याच मुलांना पुळाइचीतला ळ जमत नाही म्हणे. तिला पहिल्याच दिवशी आला. "आजी मला बाळ म्हणते ना," ती म्हणाली, "तोच तर आहे."