स्प्रिंग व्हॅलीच्या मातीत

आज वॉशिंग्टनच्या स्प्रिंग व्हॅलीत फिरले. टुमदार बंगले, अंगणात खेळणारी मुलं. पहिल्या महायुद्धात इथेच, अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या आवारात, सैन्य मस्टर्ड गॅस आणि लुईसाइट या विषारी रासायनिक अस्त्रांच्या चाचण्या करायचं. युद्ध संपल्यावर उरलंसुरलं खड्ड्यांत पुरलं. मग वर वस्ती झाली.

जानेवारी १९९३ मध्ये चर खणताना तोफगोळे निघाले, तेव्हा कुठे रहिवाशांना कळलं. इथे काही पुरलंय का, हे पाहायला सैन्याने तर १९८६ मध्येच जुनी कागदपत्रं तपासली होती! लुईसाइटमधलं विषारी आर्सेनिक विरून जात नाही, मातीतच राहतं. कितीतरी अंगणांतली माती उपसावी लागली. ग्लेनब्रुक रोडवरचं एक अख्खं घर पाडलं. लेकरं ज्या मातीत खेळणार, तिच्याबद्दल आईबापांना आधी सांगायला नको होतं? फार संताप आला.