काचेवर किती, वाळूवर किती

शुक्रवारी सकाळी काकांचा फोन आला. "अरे, मासे मजेत आहेत, पण गोगलगायी एकेक करून खाली पडतायत. नात रडवेली झालीय." मी त्या वेळी दुसऱ्याच घरी पाइपला सॉल्व्हेंट लावत होतो. जोड बसेपर्यंत थांबलो आणि तसाच निघालो, कारण मासे ठणठणीत असताना गोगलगायी पडणं हे मला अजिबात आवडलेलं नव्हतं.

अकरा वर्षं मी घरोघरी खाऱ्या पाण्याच्या टाक्या लावतोय. काकांची टाकी मी मनापासून केली होती. १२० बाय ६० बाय ६० सेंटिमीटर, बारा एमेमची काच, खाली सम्प, म्हणजे जिथून पंप पाणी परत वर ढकलतो ती दुसरी टाकी. पाणी, काच, दगड धरून वजन अर्ध्या टनाच्या वर जातं, म्हणून स्टँड बीमला लागून, भिंतीशी. लोकांना वाटतं रीफ टाकी म्हणजे रंगीत कोरल आणि निळे दिवे. माझा निम्मा जीव असतो वीज गेल्यावर काय होईल यात. या मापाच्या टाकीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की सव्वासात लिटर पाणी खाली येतं. रिटर्नचं, म्हणजे पाणी परत वर आणणाऱ्या पाइपचं, तोंड पाण्यात पंधरा सेंटिमीटर खोल ठेवलं आणि पंप बंद पडला, तर उलटा सायफन लागून शंभर लिटर सम्पमध्ये उतरतं आणि तिथून फरशीवर. म्हणून तोंड पृष्ठभागालगत, त्यात हवा शिरायला भोक, आणि सम्पवर मार्करने रेघ: चालू असताना पाणी या रेघेवर जाऊ द्यायचं नाही. ते भोक शैवालाने बुजतं, तेव्हा दर पंधरवड्याला टूथब्रशने साफ करायचं, हेही मी नातीला शिकवलं. पाणी भरल्यावर मेन स्विच पाच वेळा बंद करून पाहिला. पाचही वेळा सम्प काठाच्या चार बोटं खाली थांबला.

दगड मात्र काकांचे होते. त्यांच्याकडे पूर्वी फक्त माशांची खारी टाकी होती, ती मोडून तीनेक वर्षं झाली होती. वीस-बावीस किलो सुंदर सच्छिद्र दगड गच्चीवर खोक्यात वाळलेला. तो वापरायचा त्यांचा आग्रह होता आणि मलाही तो आवडला, कमानी आपसूक जुळत होत्या. मी विचारलं होतं, "काका, यात कधी कॉपर वापरलंय का?" काका म्हणाले, "नाही रे." मी दगड घासला, धुतला, रचला.

मग नेहमीचं सगळं. आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. मीठ हजारात ३५ वर, आणि खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्याने नाही, ३५च्या द्रावणाने जुळवलेला. अमोनिया घालून पाच आठवडे सायकल, म्हणजे तो अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढू द्यायचे. दोन पीपीएम अमोनिया चोवीस तासांत शून्यावर यायला लागला, नायट्राइटही शून्य, तेव्हा क्लाउन माशांची जोडी सोडली. दोघं दुसऱ्या दिवशी हातातून खायला लागले. तीन आठवड्यांनी, एका रविवारी, बारा टर्बो गोगलगायी आणि दोन क्लीनर कोळंब्या. टाकीच्या पाण्याची सवय व्हावी म्हणून थेंबथेंब पाण्याने दोन तास रुळवून.

शुक्रवारी पोचलो तर नातीने वही पुढे केली. रोज संध्याकाळी ती गोगलगायी मोजत होती. रविवार: काचेवर ९, दगडावर ३. सोमवार: काचेवर ८, दगडावर ४. मंगळवार: काचेवर ३, दगडावर २, वाळूवर ७. बुधवारी एक मेलेली. गुरुवारी एकूण चार. शुक्रवारी सकाळी एकूण पाच, आणि एक कोळंबी. एवढी नेमकी नोंद मला माझ्या धंद्यातल्या माणसांकडून कधी मिळालेली नाही. सोमवारपर्यंत सगळं ठीक, मंगळवारी एकदम घसरण. रुळवताना खारटपणाचा धक्का बसला असता तर पहिल्याच दिवशी दिसला असता. हे काहीतरी हळूहळू भिनणारं होतं.

एक गोगलगाय उचलून तळहातावर घेतली. निरोगी टर्बोला उलटं केलं की ती पाय आत ओढते आणि दगडासारखं झाकण लावून घेते. हिचा पाय बाहेर लोंबत होता, बोट लावलं तर कड किंचित आकसली, बस. झाकण अर्ध्यावर तिरकं अडकलेलं. जिवंत होती, पण स्वतःला ओढून घ्यायची ताकद नव्हती.

तपासण्या केल्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ५, खारटपणा ३५, तापमान २५.५, पीएच ८.१, अल्कलिनिटी ८. वहीत लिहून फ्रेम करावी अशी टाकी. मग धातू शोधला. पॉवरहेडचं (टाकीतलं पाणी फिरवणाऱ्या पंपाचं) चुंबक, हीटर, रिटर्न पंपाचा इम्पेलर (आतलं फिरणारं पातं), काच घासायचं चुंबक, सगळं काढून भिंगाखाली. गंज कुठेच नाही, क्लॅम्प सगळे प्लास्टिकचे.

उरली तांब्याची चाचणी. घरगुती किटवर खालच्या पातळीचा रंग इतका फिका असतो की डोळ्याला हवं ते दिसतं. म्हणून एका नळीत टाकीचं पाणी, दुसरीत माझ्या गाडीतल्या कॅनमधलं ताजं कालवलेलं खारं पाणी, दोन्हींत सारखेच थेंब, दोन्ही पांढऱ्या कागदावर, वरून पाहायचं. काकांना काही न सांगता विचारलं, "फरक दिसतो?" त्यांच्याआधी नात म्हणाली, "ही नळी मळकट आहे." टाकीचीच होती.

काका एकदम गप्प झाले. मग आत गेले आणि जुन्या टाकीचा डबा घेऊन आले. जाळी, पिपेट, चिमटा, आणि तळाशी एक तपकिरी बाटली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत होतं, पांढऱ्या डागांवर उपाय. मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, कॉपर सल्फेट. "त्या वेळी देखभालीला यायचा तो मुलगा घालायचा. डागांचं औषध म्हणायचा," काका म्हणाले. "तू कॉपर विचारलंस रे. हे विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

या वाक्यापाशी मी आजही अडकतो.

पांढऱ्या डागांवर, म्हणजे क्रिप्टोकॅरियनवर, तांबं चांगलं काम करतं. परजीवी माशाला सोडून पाण्यात मोकळा पोहत असतो तेव्हा ते त्याला मारतं. त्यासाठी साध्या आयनिक तांब्याची पातळी लिटरमागे ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास आठवडेच्या आठवडे धरून ठेवावी लागते. मासे ते सोसतात. पण हे वेगळ्या, मोकळ्या टाकीत करायचं असतं, जिथे दगड नाही, वाळू नाही. दगडाच्या टाकीत तांबं ओतलं की चुनखडी ते शोषत जाते, पातळी उतरते, माणूस आणखी ओततो, दगड आणखी पितो. तो दगड वाळवला तर जीव मरतात, धातू जागच्या जागी राहतो, आणि नव्या पाण्यात पुन्हा सुटायला लागतो. गोगलगायीचं आणि कोळंबीचं रक्त तांब्यावरच चालतं. आपल्यात लोहाचं हिमोग्लोबिन, त्यांच्यात तांब्याचं हिमोसायनिन. तरीही पाण्यातलं जादा तांबं त्यांना मारतं, माशाला बाधणार नाही इतक्या थोड्या मात्रेतही.

ज्या मुलाने भरल्या टाकीत ते ओतलं त्याच्यावर माझा राग आहे, आणि तो कमी होत नाही. झटपट मासे वाचवून दाखवायचे, बाटलीचं नावही घरच्यांना सांगायचं नाही, कुठे नोंद नाही. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. पण दगड या टाकीत रचला तो मी. सायकल सुरळीत झाली, क्लाउन खायला लागले, तेवढ्यावर मी निर्धास्त राहिलो. सायकल फक्त अमोनियाचं सांगते, तांब्याबद्दल चकार शब्द काढत नाही, हे मला माहीत होतं.

उरलेल्या सात गोगलगायी आणि दुसरी कोळंबी माझ्याकडच्या टबात नेली. चार गोगलगायी जगल्या. कोळंबी रविवारी कात टाकताना मेली. खात्री करून घ्यायला दोन बादल्या ठेवल्या, एकाच वेळी कालवलेलं खारं पाणी, एकीत जुना दगड, दुसरीत काहीच नाही. तिसऱ्या दिवशी दगडाच्या बादलीतल्या नळीचा रंग ओळखायला कागदही लागला नाही.

काका म्हणाले, आम्लात बुडवून वरचा थर काढू. मी नाही म्हटलं. थर निघतो, पण तांबं किती खोल गेलंय ते सांगता येत नाही, आणि या टाकीत पुढे कोरल यायचंय. सगळा दगड बाहेर काढला, वाळूही टाकली, सम्प रिकामा केला, पंप आणि पाइप धुतले, नवं पाणी, नवा दगड, सोबत तांबं धरणारं रेझिन आणि कार्बन. कामाचे पैसे मी घेतले नाहीत, काकांना ते पटलं नाही, त्यावर आमची अजून बोलाचाली चालू आहे. क्लाउनची जोडी तोवर माझ्याकडे. नव्या कमानी पहिल्यासारख्या जुळल्या नाहीत, डावीकडे एक खिंडार राहिलंय ते मला येता-जाता खुपतं.

आता मी कॉपर वापरलं का असं विचारत नाही. जुन्या टाकीचा डबा मागतो, बाटल्या स्वतः पाहतो, आणि डबा असो-नसो, वापरलेला दगड आला की आधी बादली, एक आठवडा.

काकांच्या टाकीची दुसरी सायकल मागच्या मंगळवारी संपली. त्या चारांपैकी एक गोगलगाय परत सोडली, एकच. नातीने नवं पान काढलंय. परवा फोनवर वाचून दाखवलं: मंगळवार, काचेवर. बुधवार, काचेवर. गुरुवार, दगडामागे, टॉर्च लावून पाहिली, चालतेय.