तुम्ही विचारलंत म्हणून: आबा कुणासाठी लढले?

व्याख्यान संपलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं असतं: इंग्रजांसाठी. मग पुढचा प्रश्न, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या दोस्त फौजांच्या त्या पंधराव्या आर्मी ग्रुपचे कागद एवढी वर्षं कशाला चाळताय? तो तर अलेक्झांडर आणि मार्क क्लार्क या गोऱ्या सेनापतींचा इतिहास. आपला काय संबंध?

मराठा पलटणी इटलीत होत्या, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे तुम्हाला माहीत असतं. पण घाडगे इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले ती तारीख बघा: १० जुलै १९४४. बरोबर वर्षापूर्वी त्याच तारखेला हा आर्मी ग्रुप सिसिलीत उतरला होता. आणि घाडगे गेले त्या उन्हाळ्यात दक्षिण फ्रान्सच्या स्वारीसाठी इटलीतून सात डिव्हिजन काढून नेल्या गेल्या, तीन अमेरिकन आणि चार फ्रेंच. मागे राहिलेल्यांनी जर्मन फौजेला इटलीतच अडकवून ठेवायचं होतं. त्या मागे राहिलेल्यांत आमच्या हिंदी डिव्हिजन होत्या. हे पलटणीच्या शौर्यकथांत सापडत नाही, वरच्या कागदांत सापडतं. म्हणून ते वाचतो.

आबा बेळगावला भरती झाले, कारण माणदेशात दोन वर्षं पाऊस नव्हता आणि घरात सात तोंडं होती. याची मला लाज वाटत नाही. एके काळी वाटायची. कॉलेजात असताना मी त्यांना तोंडावर 'भाडोत्री' म्हणालो आहे. ते काही बोलले नाहीत, उठून गुरांना वैरण टाकायला गेले.

पण खरी चूक त्यानंतरच्या दिवाळीत केली.

आबा मराठ्यांच्या जंगी पलटणीत होते, आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये. ९ एप्रिल १९४५ ला उत्तर इटलीतली सेनिओ नदी ओलांडली त्यात ते होते. दुपारपासून विमानांचे बॉम्ब, मग थांबून थांबून तोफा, मग आग ओकणाऱ्या गाड्या, आणि संध्याकाळी पाण्यात उतरायचं. दोन्ही काठांना घराएवढे उंच बांध, बांधांत सुरुंग आणि मशीनगन. जाधव जखमींना पाठीवर घेऊन आले ते याच काठावर. आबांच्या शेजारचा गडी आमच्याच गावचा, वरच्या आळीतला. तो पाण्यातच राहिला. पुढे दर सुगीला आमच्या घरून त्या घरी ज्वारीचं एक पोतं जायचं.

त्या दिवाळीत मी नवं काहीतरी वाचून आलो होतो आणि ओसरीवर बसून मोठ्या हुशारीनं सांगितलं, "आबा, तुम्हाला माहीत आहे का? ८ मार्चलाच हिटलरच्या एसएस दलाचा जनरल वोल्फ स्वित्झर्लंडमध्ये अमेरिकन माणसाला भेटला होता. इटलीतल्या जर्मन फौजेच्या शरणागतीचं बोलणं चालू होतं."

आबांनी विचारलं, "लढाई कवा थांबली?"

"२ मेला. सही २९ एप्रिलला झाली, इटलीतच, कासेर्ताला."

ते बोटांच्या पेरांवर मोजू लागले. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. सेनिओपासून तेवीस दिवस. मग म्हणाले, "ह्ये वरच्या आळीत सांगू नगंस." बस. त्या सुगीला दोन पोती गेली.

मी अर्धवट वाचलं होतं. बोलणी मार्चमध्ये सुरू झाली हे खरं, पण ती अडकली होती. जर्मन सेनापती फीटिंगहोफ तयार होत नव्हता, वोल्फला एप्रिलच्या मध्यात बर्लिनला बोलावलं गेलं. पो नदीपाशी जर्मन फळी मोडली, तेव्हा कुठे सह्या झाल्या. म्हणजे सेनिओ ओलांडली नसती तर कासेर्ताला कुणी आलंच नसतं, असं म्हणता येतं. मी व्याख्यानात तसं म्हणतोही. हे मला कळलं तेव्हा आबा नव्हते.

पण खरंच तसं आहे का? लढाई तशीही शेवटाला आली होती. रशियन फौजा बर्लिनकडे निघाल्या होत्या. इटलीत अजून महिनाभर नुसती फळी धरून बसले असते तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं, असं एक मन म्हणतं: उत्तर इटलीतली गावं, तिथले बंडखोर, जर्मनांच्या हाती अडकलेली माणसं. दुसरं मन वरच्या आळीतल्या त्या घराकडे जातं आणि काही ऐकून घेत नाही.

त्या घरची आजी आता नाही. त्यांना मी कधीच सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, तेही आबांचा शब्द मोडून. कुणासाठी लढले, हे मी आबांना त्या दिवाळीत विचारायला हवं होतं. मी त्यांना तारखा सांगत बसलो.