आज पुन्हा तारीख

सकाळी सहाच्या एसटीने तालुक्याला. आजोबांच्या मृत्युपत्राचा दावा, आज साक्ष होणार म्हणून आईने दह्याची वाटी पुढे केली. मृत्युपत्रावर सही केलेले दोन साक्षीदार. एक गेले, दुसरे आमचे शेजारचे तात्या, वय 81. आणि तात्या परवा न्हाणीत घसरले. खुब्याचं हाड. त्यांचं सरतपासाचं प्रतिज्ञापत्र, म्हणजे आमच्या बाजूने दिलेली लेखी साक्ष, कधीच दाखल आहे, पण समोरच्या वकिलाचा उलटतपास झाल्याशिवाय त्याला काय अर्थ? सही करणारा एकजण जरी हयात असला तरी त्याला तपासल्याशिवाय मृत्युपत्र शाबीत होत नाही. म्हणजे सगळा दावा त्या एका खुब्यावर.

वकीलसाहेबांनी डॉक्टरांचा दाखला जोडून मुदतीचा, म्हणजे पुढची तारीख मागणारा, अर्ज दिला. समोरचे वकील उठले, "वादीची ही तिसरी मुदत." खरंच होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा 17 वा आदेश एका पक्षाला तीनच मुदती देतो. (आधीच्या दोनपैकी एक आमच्याच आळसाने गेली, हे इथे कबूल करतो.) अर्ज मंजूर झाला, 500 रुपये खर्चासह. पैसे समोर उभ्या असलेल्या चुलतभावाला. त्याने नोटा मोजल्या नाहीत, एवढं बरं वाटलं.

आता 26 व्या आदेशाखाली कमिशनसाठी अर्ज करायचा. म्हणजे कोर्टाने नेमलेला कमिशनर घरी जाऊन खाटेशेजारी उलटतपास नोंदवेल.

संध्याकाळी तात्यांना भेटलो. म्हणाले, "अरे, मला खुर्चीत घालून नेलं असतंस की."