दहा हजार कास्टचा मासा आणि माझी 681वी कास्ट

गेल्या सप्टेंबरात दोन दिवस विस्कॉन्सिनमधल्या हेवर्डला मस्की नावाचा मोठा मासा पकडायला गेलो होतो. मिनिआपोलिसहून गाडीने अडीच तास, मोटेल ठीकठाक, आणि गावातला तो 143 फुटी फायबरग्लासचा मस्की, ज्याच्या जबड्यात उभं राहून सगळे फोटो काढतात, तिथे मीही काढला. बाकी सगळं एका कास्टबद्दल, म्हणजे गरी एकदा फेकण्याबद्दल आहे.

मस्कीला तिकडे दहा हजार कास्टचा मासा म्हणतात, म्हणजे दहा हजारदा फेकावं तेव्हा एक लागतो. खरंच किती लागतात बघू म्हणून मी पट्ट्याला टॅली काउंटर अडकवला. मी मालवणचा, आमच्याकडे गरवणं म्हणजे गरीला कोळंबी लावायची, पाण्यात सोडायची आणि बोटावर दोरी धरून गप्प बसायचं. बाबांबरोबर मी असे कितीतरी तास बसलोय. इथे बसणं नाहीच. मस्की तळ्यात सगळ्यांच्या वरचा शिकारी, त्यामुळे संख्येने मुळातच कमी, बऱ्याच पाण्यात एकरामागे एकही मोठा निघत नाही, आणि आम्ही गेलो ते चिपेवा फ्लोएज हे तळं तर 15,000 एकरांच्या वर. म्हणजे आपणच त्याला शोधत फिरायचं. साडेआठ फुटी रॉड, 80 पौंड ताण सोसणारी विणलेली दोरी, दोन मोठी पाती फिरणारं बकटेल नावाचं ल्युअर, म्हणजे खोटं आमिष. फेका, ओढा, बोटीपाशी आलं की रॉडचं टोक पाण्यात बुडवून मोठा आठ काढा (आपला नाही, इंग्रजी 8), मग परत फेका. कारण हा मासा ल्युअरच्या मागे मागे थेट बोटीपर्यंत येतो आणि कित्येकदा तिथेच, त्या वळणावर, तोंड मारतो. वळण मोठंच हवं, एवढं लांब अंग छोट्या कोपऱ्यात वळत नाही.

पहिल्या दिवशी 418 कास्ट, काहीच नाही. दुसऱ्या दिवशी ढगाळ होतं, दुपारी खांदा भरून आला आणि मी आठ काढायचा कंटाळा करायला लागलो. गाइड दोनदा शांतपणे म्हणाला, प्रत्येक वेळी काढ. फार चांगला माणूस, एकदाही आवाज चढवला नाही. 263वी कास्ट, म्हणजे एकूण 681वी, मी ल्युअर सरळ वर उचललं आणि त्याच्या मागे पाण्यात तो दिसला. हिरवट अंग, उभे गडद पट्टे, शेपटी तांबूस, बोटीपासून हातभर. हलला नाही. माझ्याकडेच बघतोय असं वाटलं, पाय थरथरत होते. तीनचार सेकंद तसाच राहिला आणि काही घाई न करता खाली गेला.

संध्याकाळी काळोख पडायच्या आत त्याच जागी परत गेलो. उरलेल्या सगळ्या कास्टना मी आठ काढला, तीन तीन वेळा काढला. काउंटर 809 वर थांबला. या वेगाने दहा हजारांना जवळजवळ पंचवीस दिवस लागतील, पण तो आकडा आता मला महत्त्वाचा वाटत नाही, मला ती एक कास्ट परत हवी आहे.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला. पहिला प्रश्न, "केवढो होतो?" मी दोन्ही हात पसरले. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "गरी कित्याक काढलंस?"