पीसी आपोआप रिस्टार्ट होत होता, पाच आठवड्यांनी चोर सापडला

मंडळी, सगळं लिहून ठेवतोय कारण मी स्वतः हे शोधताना खूप भटकलो आणि कुणाला तरी यातलं काहीतरी नक्की उपयोगी पडेल. मशीन २०१९ मध्ये स्वतः जोडलेलं आहे, रायझन ५ २६००, बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). घर रत्नागिरीत, समुद्रापासून फार लांब नाही, आणि टेबल खिडकीला लागून. हे शेवटचं मुद्दाम सांगतोय, पुढे लागेल.

१२ जून. पहिल्यांदा झालं. काही विशेष चालू नव्हतं, ब्राउझर उघडा होता, मी जेवायला उठलो आणि परत आलो तर लॉगिन स्क्रीन. त्या आठवड्यात असं चार वेळा. निळी स्क्रीन एकदाही नाही. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक काढली, म्हणजे विंडोज क्रॅश होत असेल तर निळी स्क्रीन तशीच थांबेल आणि कोड वाचता येईल, तरी काही नाही, सरळ रिस्टार्ट. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद, आत बगचेककोड (क्रॅशचा कोड) ०. आता ४१ बघून बरेच जण लगेच एसएमपीएस बदलायला धावतात पण त्या नोंदीचा अर्थ एवढाच की आधी नीट शटडाउन झालं नव्हतं, आणि कोड ० म्हणजे विंडोजला काय झालं ते लिहायला वेळच मिळाला नाही. कारण त्यात नसतं.

२० जून. आधी गरमी तपासली. धूळ काढली, थर्मल पेस्ट नवीन लावली, प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारं प्राइम९५ पाऊण तास चालवलं, एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान ७८ डिग्रीच्या वर गेलं नाही (या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे). आणि गंमत म्हणजे पूर्ण लोडवर एकदाही रिस्टार्ट नाही! नुसतं पडून असलं की होतं. हे मी तेव्हाच वहीत लिहिलं होतं पण त्याचा विचार केला नाही.

२७ जून. रॅम काढून पिना खोडरबरने पुसल्या, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद केलं, रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावून चारही पास पूर्ण केले, शून्य एरर. दुसऱ्या दिवशी दुपारी रिस्टार्ट.

३ जुलै. पडून असताना होतंय म्हणून बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्ज) 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' शोधून 'टिपिकल करंट आयडल' केलं. जुन्या रायझनला काही एसएमपीएसबरोबर हा त्रास होतो, प्रोसेसर इतका कमी करंट घेतो की सप्लायला तो झेपत नाही. दोन दिवस शांत गेले आणि मला वाटलं झालं काम, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मित्राचा ६५० वॅटचा एसएमपीएस आणून लावला. त्यावरही झालं.

१० जुलै. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, ते आई बरेच दिवस सांगत होती. मल्टिमीटर लावला, फेज-न्यूट्रल २२८ बरोबर, पण पीसी लावलेला असताना अर्थिंगची पिन आणि न्यूट्रल यात ११० च्या आसपास दाखवतंय. हे अर्थिंग तुटल्याचं ठळक लक्षण आहे, एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मधलं व्होल्टेज कॅबिनेटवर आणून ठेवतात. वायरमनकाका आले, बोर्ड उघडला आणि म्हणाले, "अरे बाळा, अर्थिंगची वायर नुसती लोंबकळतेय, जोडलेलीच नाही." जोडून दिली, आता न्यूट्रल-अर्थ २ व्होल्ट. झिणझिण्या गेल्या. रिस्टार्ट नाही गेला, पण हे काम करायलाच हवं होतं, तुम्हीही मोजून बघा, जुन्या घरात तर नक्कीच.

१९ जुलै. बाहेर मुसळधार पाऊस, मी समोर बसलेलो आणि झालं, पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांदेखत. आणि तेव्हा दिसलं की पंखे थांबले नाहीत! स्क्रीन काळी झाली, पंखे फिरतच राहिले आणि बायोसचा लोगो आला. सप्लाय तुटला असता तर पंखे क्षणभर तरी मंदावले असते, लाइट विझली असती. म्हणजे वीज जात नव्हती, कुणीतरी रीसेट दाबत होतं. एक महिना मी विजेच्या मागे लागलो होतो, आणि हे बघायला फक्त समोर बसायला हवं होतं.

लगेच बोर्डवरून रीसेट स्विचची दोन पिनांची वायर काढली आणि मल्टिमीटर ओहमवर लावून त्या दोन टोकांना जोडला. न दाबलेला स्विच पूर्ण उघडा दिसायला हवा, इथे आकडा काही किलोओहमवर नाचत होता, कॅबिनेटला टिचकी मारली की अजून खाली यायचा. स्विच सोडवून फोडला तर आत पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा थर. खारट दमट हवा आणि खिडकीशेजारचं टेबल. पूर्ण लोडवर कॅबिनेट आतून गरम आणि कोरडं राहायचं, थंड पडलं की ओलावा बसायचा, असा माझा अंदाज, कारण वहीतल्या नोंदी त्याच्याशी जुळतात.

रीसेटची वायर तेव्हापासून बाहेरच आहे, पॉवर बटणावर सगळं भागतं. आज १४ ऑगस्ट, २६ दिवस झाले, पीसी मुद्दाम चालूच ठेवलाय, टास्क मॅनेजरमधला अपटाइम वाढतोय आणि ४१ ची नवीन नोंद एकही नाही. एक्सएमपी पुन्हा चालू केलं, आयडल कंट्रोल 'ऑटो'वर आणलं, मित्राचा एसएमपीएस परत दिला. टेबल आतल्या भिंतीला सरकवलं. पॉवर बटणाचा स्विचही त्याच जातीचा आहे, तो गणपतीच्या आधी बदलून घेणार आहे, बाजारात साधा पुश स्विच मिळतो, वायर डाग देऊन जोडायची. जोडला की रीडिंग टाकतो.